ओळखीच्या पत्त्यावरून आलेला संशयास्पद मेल: काय तपासावे, कितपत तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला आहे. भाषा स्वच्छ आहे, बोधचिन्ह बरोबर आहे, मागच्या बिलाचा क्रमांकही अचूक आहे आणि मेलच्या तपशिलात एसपीएफ व डीकेआयएम या, मेल कोणाच्या यंत्रणेतून आला हे पाहणाऱ्या, दोन्ही तांत्रिक तपासण्या ‘पास’ झाल्याचे दिसते. फक्त आपले बँक खाते बदलले असून पुढची रक्कम नव्या खात्यात भरावी, एवढे त्यात सांगितले आहे. हा मेल खरा की बनावट हे कसे ठरवायचे, आणि त्याचा तपास स्वतः कुठवर करायचा?

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि बहुतेक गोंधळ तेथेच होतो. हा मेल कोणत्या डोमेनच्या (मेल-पत्त्यात ‘@’ नंतर येणाऱ्या नावाच्या) सर्व्हरवरून निघाला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मेलमध्येच असते आणि थोड्या सवयीने ते कोणालाही वाचता येते. मेलमध्ये जे म्हटले आहे ते खरे आहे का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मेलमध्ये कधीच नसते, मग त्याच्या कितीही तपासण्या ‘पास’ होवोत. ते उत्तर मेलच्या बाहेरच्या मार्गानेच मिळवावे लागते, आणि तो मार्ग मेलने सुचवलेला नसावा लागतो. पुढचे सगळे विवेचन या एका फरकावर उभे आहे.

ओळखण्यापासून सुरुवात करू. अशुद्धलेखन, विचित्र वाक्यरचना, ‘प्रिय ग्राहक’ असे संबोधन ही लक्षणे वर्षानुवर्षे शिकवली गेली. आता त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण निर्दोष मजकूर कोणत्याही भाषेत क्षणात तयार करून घेता येतो. शिवाय काही फसवणुकींमध्ये मेलचा भाबडेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये असे मांडले की, अविश्वसनीय वाटणारी कहाणी चौकस माणसांना सुरुवातीलाच दूर करते आणि शेवटपर्यंत फसू शकतील अशीच माणसे उत्तर देतात, त्यामुळे ठगाचा वेळ वाचतो. म्हणजे बावळट दिसणारा मेल हा ठग बावळट असल्याचा पुरावा नाही, आणि सफाईदार मेल तर कशाचाच पुरावा नाही.

म्हणून मेल कसा दिसतो याऐवजी तो काय मागतो, हे आधी पाहावे. कितीही रूपे बदलली तरी मागण्या मोजक्याच असतात: पैसे पाठवा किंवा खाते बदला, पासवर्ड अथवा ओटीपी द्या, ही फाइल उघडा, या अ‍ॅपला परवानगी द्या, या क्रमांकावर फोन करा. यांपैकी एखादी मागणी असेल आणि तिच्या जोडीला घाई, गुप्तता किंवा नेहमीच्या पद्धतीला फाटा यांपैकी काही असेल, तर मेल कोणाचाही असो, तो पडताळणीस पात्र ठरतो. ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका, मेलवरच कळवा’ हे वाक्य मला कोणत्याही तांत्रिक दोषापेक्षा जास्त बोलके वाटते, कारण पडताळणीचा मार्ग बंद करणे हाच त्याचा हेतू असतो.

बिलाच्या मार्गाने होणारी फसवणूक किती मोठी होऊ शकते, याचे नोंदलेले उदाहरण एव्हाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियन नागरिकाचे आहे. त्याने क्वांटा कॉम्प्युटर या तैवानी उत्पादकाच्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि 2013 ते 2015 या काळात बनावट बिले, करारपत्रे व मेल पाठवून गुगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून एकूण 12 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. 2019 मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. यात कोणतेही सर्व्हर फोडण्याची गरज पडली नाही. ज्यांचा क्वांटाशी रोजचा व्यवहार होता, त्यांना अपेक्षित असलेल्या प्रकारचाच कागद मिळत राहिला.

आता पाठवणाऱ्याकडे वळू. मेलमध्ये दिसणारे नाव हा निव्वळ मजकूर असतो. तेथे कोणीही काहीही लिहू शकतो. मोबाइलवरील बहुतेक मेल अ‍ॅप फक्त नाव दाखवतात आणि पत्ता झाकून ठेवतात, म्हणून नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडावा. त्यानंतर उत्तर कोणत्या पत्त्यावर जाणार आहे ते पाहावे. ‘फ्रॉम’ मध्ये खरा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’ मध्ये भलताच, ही जोडी फार जुनी आणि अजूनही चालणारी आहे. तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे प्रत पाठवलेल्यांची यादी. सराईत ठग जुन्या पत्रव्यवहारातील सगळी नावे ‘सीसी’ मध्ये तशीच ठेवतात, पण प्रत्येक पत्त्याच्या डोमेनमध्ये एखादे अक्षर बदलतात. त्यामुळे आपण ‘सर्वांना उत्तर’ दिले तरी ते खऱ्या सहकाऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि आपल्याला मात्र सगळे पाहत आहेत असे वाटत राहते.

डोमेन वाचताना ते उजवीकडून डावीकडे वाचावे. लिंकमध्ये आरंभीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी मालकाचे डोमेन संपते. त्याच्या डावीकडे टिंबे देऊन कितीही प्रतिष्ठित नावे जोडता येतात. ‘बँक.कॉम.पडताळणी-सेवा.नेट’ या पत्त्याचा बँकेशी काही संबंध नसतो, तो ‘पडताळणी-सेवा.नेट’ च्या मालकाचा असतो. अक्षरांचे साधर्म्य हा याहून सूक्ष्म प्रकार आहे. रोमन लिपीतील काही अक्षरांसारखीच दिसणारी सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या लिपीतील) अक्षरे वापरून डोमेन नोंदवता येते. 2017 मध्ये एका संशोधकाने अशाच अक्षरांनी ‘अ‍ॅपल.कॉम’ सारखे दिसणारे पान उघडून दाखवले होते. अशी डोमेने प्रत्यक्षात ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा यांनी सुरू होणाऱ्या रूपात साठवली जातात. डोमेन एखाद्या साध्या मजकूर-संपादकात चिकटवून पाहणे पुरेसे नसते. त्याचे हे साठवलेले रूप पाहावे लागते.

तांत्रिक तपासाचा कणा म्हणजे मेलचे हेडर, म्हणजे प्रत्येक मेलसोबत येणारी पण एरवी न दिसणारी त्याच्या प्रवासाची नोंद. इंटरनेटवर मेल पोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत 1982 मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची काहीच सोय नव्हती. टपालातील पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या पत्राच्या शिरोभागी दुसराच पत्ता असू शकतो, तसेच येथे असते: सर्व्हर परस्परांना सांगतात तो पाठवणारा वेगळा आणि वाचकाला ‘फ्रॉम’ मध्ये दिसतो तो वेगळा. पाकिटावरचा पत्ता शेवटचा सर्व्हर ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत नोंदवतो.

मूळ हेडर पाहण्याची सोय जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ या पर्यायात आणि आउटलुकमध्ये संदेशाच्या गुणधर्मांत असते. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या अनेक ओळी दिसतात. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो तो सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर जोडतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा असतो. विश्वास मात्र वरून खाली ठेवायचा असतो. आपल्या स्वतःच्या मेलसेवेने जोडलेल्या ओळी खऱ्या असतात. ज्या परक्या सर्व्हरने मेल आपल्या सेवेकडे सोपवला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांक, हाही खरा असतो, कारण तो आपल्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. त्याखालच्या ओळी ठगाने आधीच लिहून ठेवलेल्या असू शकतात. नवशिका तपासणारा सर्वांत खालची ओळ उचलतो, तिच्यातील आयपी पत्ता नकाशावर शोधतो आणि ‘गुन्हेगार अमुक देशात आहे’ असा निष्कर्ष काढतो. तो पत्ता खरा निघाला तरी बहुधा भाड्याच्या किंवा फोडलेल्या सर्व्हरचा असतो, आणि मोठ्या वेबमेल सेवा पाठवणाऱ्याचा मूळ आयपी पत्ता अनेकदा दाखवतच नाहीत. या ओळींवरून माणूस सापडत नाही. कोणाकडे तक्रार करायची, तेवढे कळते.

‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत तीन तपासण्यांचे निकाल असतात. ही ओळही बनावट घालता येते, म्हणून ती आपल्याच मेलसेवेच्या नावाने नोंदलेली आहे ना, हे आधी पाहावे. एसपीएफ विचारते की, पाकिटावरील डोमेनने या आयपी पत्त्याला आपल्या वतीने मेल पाठवण्याची परवानगी दिली आहे का. डीकेआयएम ही सही असते. ती करणाऱ्या डोमेनची सार्वजनिक किल्ली (सही पडताळण्याचा सर्वांना खुला संकेत) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीत, असते आणि सही झालेला भाग वाटेत बदलला नाही, हे तिच्यावरून कळते. मात्र या दोन्हींमध्ये तपासले जाणारे डोमेन आणि वाचकाला दिसणारे ‘फ्रॉम’ मधील डोमेन एकच असले पाहिजे, अशी अट नसते. ती अट डीमार्क या तिसऱ्या तपासणीने आणली. म्हणून ‘एसपीएफ पास’ एवढेच वाचून थांबू नये. कोणत्या डोमेनसाठी पास, हे वाचावे. ठगाने स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवला, तर एसपीएफ त्या डोमेनसाठी पास होतेच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मेल एका खात्यातून दुसरीकडे आपोआप पुढे पाठवला जात असेल तर एसपीएफ मोडू शकते. एखाद्या मेलिंग लिस्टने विषयात किंवा मजकुराच्या शेवटी काही शब्द जोडले तर डीकेआयएमची सही मोडते. नापास मेल बनावटच असतो असे नाही. तो संशयाला जागा देतो, निकाल देत नाही.

विचारलेल्या प्रसंगात या सगळ्याचा अर्थ काय होतो? डीमार्कही पास असेल आणि डोमेन अक्षर न् अक्षर जुळत असेल, तर मेल पुरवठादाराच्याच यंत्रणेतून निघाला आहे. आता दोनच शक्यता उरतात: पुरवठादाराने खरोखर खाते बदलले आहे, किंवा त्याच्या कर्मचाऱ्याचे मेलखाते कोणीतरी ताब्यात घेतले आहे. या दोन शक्यतांमध्ये हेडर कोणताही फरक दाखवू शकत नाही, कारण दोन्ही प्रसंगांत ते सारखेच दिसते. डोमेन जुळत नसेल, पण बिलाचा क्रमांक अचूक असेल, तर तोही सुटकेचा निःश्वास टाकण्याचा क्षण नाही. तो क्रमांक ठगाला कोठून मिळाला? बहुतेक वेळा दोनपैकी एका बाजूची मेलपेटी कोणीतरी वाचत असते, आणि ती आपलीही असू शकते.

म्हणून पडताळणी त्या मेलला उत्तर देऊन करायची नाही, आणि नवीन मेल लिहूनही नाही. जुन्या करारावर किंवा आधीपासून आपल्या नोंदीत असलेल्या क्रमांकावर फोन करावा आणि ज्याचा आवाज ओळखीचा आहे अशा व्यक्तीशी बोलावे. मेलच्या तळाशी सहीत दिलेला क्रमांक वापरू नये. बोलताना नवा खाते क्रमांक आपण वाचून दाखवू नये, समोरच्याला सांगायला लावावे. नाहीतर घाईत ‘हो, बरोबर’ असे उत्तर मिळते. खाते बदलण्याची प्रत्येक विनंती दुसऱ्या व्यक्तीच्या मंजुरीशिवाय अमलात येणार नाही, असा कार्यालयीन नियम असेल तर एका माणसाच्या थकव्यावर सगळे अवलंबून राहत नाही.

बाहेरच्या मार्गाचे महत्त्व दाखवणारा एक सार्वजनिक प्रसंग 2016 चा आहे. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना मार्चमध्ये गुगलच्या नावाने पासवर्ड बदलण्यास सांगणारा मेल आला. कार्यालयाने तांत्रिक मदतनीसाला विचारले, म्हणजे शंका घेतली गेली होती. मदतनीसाच्या उत्तरात मेल ‘खरा’ असल्याचे लिहिले गेले. आपल्याला नेमके उलट म्हणायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. पण त्याच उत्तरात त्याने गुगलच्या खऱ्या पानाची लिंकही दिली होती. मेलमधल्या लिंकऐवजी ती वापरली गेली असती तर त्या एका चुकीच्या शब्दाने काहीच बिघडले नसते. मेल खरा की खोटा याचा निवाडा चुकला तरी मार्ग बरोबर असेल तर नुकसान होत नाही, म्हणून मी निवाड्यापेक्षा मार्गाला जास्त वजन देतो.

लिंकच्या तपासात उतावळेपणा सर्वांत जास्त आढळतो. ‘नुसते उघडून पाहतो, काही भरणार नाही’ हा विचार दोन कारणांनी चुकीचा आहे. एक तर लिंकमध्ये अनेकदा प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी वेगळी खूण असते; पान उघडताच हा पत्ता जिवंत आहे आणि मेल वाचला गेला, हे ठगाला कळते. मेलमधील अदृश्य चित्रेही हेच काम करतात, म्हणून बाहेरील चित्रे आपोआप न दाखवण्याची सोय चालू ठेवावी. दुसरे म्हणजे ब्राउझर अद्ययावत नसेल तर नुसते पान उघडणेही जोखमीचे ठरू शकते. संगणकावर माउस लिंकवर नेऊन खाली दिसणारा पत्ता वाचता येतो. फोनवर लिंक दाबून धरली की काही ठिकाणी पत्ता दिसतो, तर काही ठिकाणी ते पानच पूर्वदर्शनासाठी लोड होते. क्यूआर कोडमधील लिंक तर संगणकावरच्या संरक्षणाला वळसा घालून थेट वैयक्तिक फोनवर पोचते. मेलमध्ये क्यूआर कोड असण्याचे प्रामाणिक कारण क्वचितच सापडते.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतील कुलूप फक्त जोडणी सांकेतिक, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारी, असल्याचे सांगते, पलीकडचा माणूस सज्जन असल्याचे नाही. तसे प्रमाणपत्र ठगालाही फुकट मिळते. क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच बदलले, त्यामागे हा गैरसमज हेही एक कारण होते.

डोमेन कधी नोंदवले गेले हे हूइज या डोमेन-नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर किंवा तिची जागा घेणाऱ्या आरडॅप सेवेवर पाहता येते. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख आणि नोंदणी करणारी संस्था दिसते. जुन्या पुरवठादाराचे ‘अधिकृत’ डोमेन गेल्या आठवड्यात नोंदवलेले निघाले तर फार चर्चा उरत नाही. वय जास्त आहे म्हणून डोमेन निर्दोष असे मात्र म्हणता येत नाही, कारण जुनी संकेतस्थळे फोडून त्यांच्या एखाद्या कोपऱ्यात बनावट पान ठेवणे ही रोजची गोष्ट आहे.

व्हायरसटोटल किंवा यूआरएलस्कॅन यांसारख्या, संशयित फाइल वा लिंक तपासून देणाऱ्या ऑनलाइन सेवा उपयुक्त आहेत, पण त्यांच्याकडे काय सोपवतो याचे भान हवे. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल तेथील सशुल्क सदस्यांना उतरवून घेता येते, आणि यूआरएलस्कॅनवरील तपासणी सार्वजनिक ठेवली तर कोणालाही दिसते. संशयित म्हणून चढवलेली फाइल खरी निघाली आणि तिच्यात कोणाची वैद्यकीय किंवा आर्थिक माहिती असली, तर गळती आपणच केली असे होईल. फाइलऐवजी तिचा एसएचए-256 हॅश (फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा, मजकूर उघड न करणारा संकेत) काढून तो शोधावा. लिंकमधील वैयक्तिक खूण काढून टाकून मगच ती तपासायला द्यावी. तेथील सर्व विषाणूतपासणी इंजिनांनी ‘स्वच्छ’ म्हटले, तरी त्याचा अर्थ अजून कोणी पकडलेले नाही एवढाच होतो.

जोडलेल्या फाइलींबाबत थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो (फाइलीत ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि ठग आयएसओ (डिस्कची प्रत), एलएनके (शॉर्टकट) व नंतर वननोट (टिपणवही) फाइलींकडे वळले. ज्या झिप फाइलीचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला आहे, ती गोपनीयतेसाठी नव्हे तर विषाणूतपासणी चुकवण्यासाठी बंद केलेली असते. एचटीएमएल फाइल जोडून आली असेल तर ती अनेकदा लॉगिनचे बनावट पान असते.

काही मेलांमध्ये बनावट असे काहीच नसते आणि तेच पकडायला सर्वांत कठीण असतात. 2017 च्या मे महिन्यात गुगल डॉक्सच्या नावाने पसरलेल्या मेलमधील लिंक गुगलच्या खऱ्याच पानावर नेत होती. तेथे ‘गुगल डॉक्स’ असे नाव घेतलेले एक परके अ‍ॅप मेलपेटीची परवानगी मागत होते. पासवर्ड कोणी मागितलाच नाही, त्यामुळे तो बदलूनही उपयोग नव्हता, परवानगी रद्द करावी लागत होती. त्याचप्रमाणे खऱ्या पेमेंट सेवेच्या खऱ्या सर्व्हरवरून ठगाने तयार केलेले बिल येते आणि टिपणीच्या जागी ‘रद्द करण्यासाठी या क्रमांकावर फोन करा’ असे लिहिलेले असते. येथे सगळ्या तपासण्या पास होणारच.

लिंकवर पासवर्ड दिला गेला असेल तर खऱ्या संकेतस्थळावर जाऊन तो बदलणे ही फक्त सुरुवात असते. आजची बनावट पाने मधल्या दलालासारखी चालतात: पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही खऱ्या सेवेकडे पोचवतात आणि परत आलेली सत्राची कुकी, म्हणजे आपण लॉगिन केले आहे याची ब्राउझरमधील खूण, चोरतात. म्हणून सर्व उपकरणांवरील सत्रे बंद करावीत, परवानगी दिलेली अ‍ॅप तपासावीत, आणि मेलपेटीतील नियम अवश्य पाहावेत. ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेले मेल आपोआप एखाद्या न वापरल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये हलवणारा किंवा बाहेर पाठवणारा नियम सापडला, तर घुसखोर आत होता हे निश्चित समजावे. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा हार्डवेअर किल्ली खऱ्या डोमेनशी बांधलेली असल्यामुळे ही दलाली तिच्यापुढे चालत नाही. पैसे गेले असतील तर हा सगळा तपास बाजूला ठेवून पहिला फोन आपल्या बँकेला करावा. रक्कम पुढे काढली जाण्याआधीच ती अडवता येते.

तपास कोठे थांबवावा, याचे उत्तर सोपे आहे: ठगाशी संपर्क येईल तेथे. त्याला उत्तर देऊन खेळवणे, बनावट पानात खोटी माहिती भरणे, त्याच्या सर्व्हरमध्ये शिरू पाहणे यांतून पुरावा मिळत नाही, आपण सावध झालो आहोत हे मात्र त्याला कळते. शेवटचा प्रकार बहुतेक देशांत गुन्हाही ठरतो. मेल पुसून टाकू नये. तो साधा ‘फॉरवर्ड’ केला तर मूळ हेडर नाहीसे होतात, म्हणून ईएमएल फाइल (हेडरसकट पूर्ण मेलची फाइल) म्हणून जतन करून तीच जोडून पाठवावी. कार्यालयात असाल तर तोच मेल आणखी कोणाकोणाला आला आणि त्यांपैकी कोणी लिंक उघडली, हे प्रशासकाला नोंदींतून शोधायला सांगावे; एकाने कळवले म्हणजे एकालाच आला असे नसते. तक्रार ज्याच्या नावाचा वापर झाला त्या संस्थेकडे, पाठवणाऱ्या मेलसेवेकडे, डोमेन नोंदवणाऱ्या संस्थेकडे आणि पान जेथे ठेवले आहे त्या होस्टिंग कंपनीकडे स्वतंत्रपणे करावी. आर्थिक नुकसान असेल तर पोलिसांकडेही. तक्रारीत मूळ फाइल, पूर्ण लिंक, पानाचे चित्र आणि वेळ असावी. वेळेपुढे कालविभाग लिहावा, कारण हेडरमधील वेळा वेगवेगळ्या कालविभागांतील असतात. लिंक लिहिताना तिच्यातील टिंबाभोवती चौकोनी कंस घालावेत, म्हणजे तक्रार वाचणाऱ्याकडून ती चुकून उघडली जात नाही.